पाळकाची पत्नी, फिरते घर आणि एक पत्र

ताम्रपट, बखरी आणि दप्तरे यांना इतिहासात जो मान मिळतो, तो चुलीपाशी बसून केलेल्या निरीक्षणांना क्वचितच मिळतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यापासून मला धर्मोपदेशकांच्या पत्नींचे लेखन शोधून वाचण्याची सवय जडली. टिळक मेथडिस्ट नव्हते. पण त्या वाटेनेच मी कोरा हॅरिस यांच्या ‘अ सर्किट रायडर्स वाइफ’ या १९१० सालच्या पुस्तकापर्यंत पोहोचले.

पुस्तकाआधी व्यवस्था समजून घ्यावी लागते. अमेरिकेच्या ग्रामीण भागात एकाच मेथडिस्ट पाळकाकडे अनेक खेड्यांतील चर्चे असत. त्या फेऱ्याला ‘सर्किट’ म्हणत आणि तो घोड्यावरून पुरा करावा लागे. वार्षिक परिषदेत बिशप नेमणुका वाचून दाखवी. दक्षिणेकडील शाखेत एका जागी चार वर्षांहून अधिक राहण्याची मुभा नव्हती. घर चर्चचे, त्यातले सामानसुमानही बहुधा चर्चचेच. पगार लोकांच्या वर्गणीतून येई. पीक बुडाले की वर्गणीही बुडे. नव्या पाळकाच्या घरी प्रत्येकाने पौंडभर पीठ, साखर, कॉफी असे काही नेऊन देण्याची चाल होती. आपल्याला बलुत्याची आठवण होईल. पण बलुते हा हक्क होता आणि हे औदार्य. औदार्यावर संसार करणाऱ्या बाईला गावाशी भांडता येत नाही.

कोरा यांनी नेमके हेच टिपले आहे. त्यांची नायिका मेरी एपिस्कोपल घरातून येते आणि पतीच्या भक्तीइतकीच रिकाम्या फडताळाचीही नोंद ठेवते. थकलेल्या पाळकांना चर्च कसे वाऱ्यावर सोडते, हे ती निर्भीडपणे सांगते. मात्र ही कादंबरी आहे. कोरा यांचे पती लंडी काही काळच फिरते पाळक होते. पुढे ते जॉर्जियातील एमरी कॉलेजात ग्रीक शिकवीत. १८९८ साली ती नोकरी गेली आणि घर चालवण्याचा भार कोरा यांच्या लेखणीवर आला.

त्या लेखणीचा आरंभ मात्र मला अस्वस्थ करतो. एप्रिल १८९९ मध्ये जॉर्जियातील न्यूननजवळ सॅम होज या कृष्णवर्णीय मजुराला झुंडीने जाळून मारले. न्यूयॉर्कच्या ‘द इंडिपेंडंट’ने त्याचा निषेध केला. त्याला उत्तर म्हणून कोरा यांनी झुंडीची बाजू घेणारे पत्र लिहिले. ते छापले गेले आणि लेखिका म्हणून त्यांची वाट तिथूनच खुली झाली. ज्या चर्चच्या निष्ठुरतेवर त्यांनी पुढे बोट ठेवले, ते दक्षिणी मेथडिस्ट चर्च १८४४ च्या वादातून, एका बिशपने गुलाम बाळगण्याच्या प्रश्नावरूनच वेगळे झाले होते.

म्हणून मी हे पुस्तक टाकून देत नाही. पाळकाच्या घरातील टंचाईसाठी ते उत्तम साधन आहे. पण त्याच्या शेजारी ते पत्र ठेवूनच वाचते. १८७० मध्ये टेनेसीतील जॅक्सन येथे कृष्णवर्णीय मेथडिस्टांचे एक स्वतंत्र चर्च स्थापन झाले. त्याचेही पाळक असेच नेमणुकीवर गावोगाव जात आणि त्यांच्याही बायका दर बदलीला संसार बांधून निघत. सध्या मी त्यांचे लेखन शोधते आहे.