मुडदूस आणि खवले

इथे इंग्लंडात ऑक्टोबर ते मार्च ऊन पडलं तरी त्यातून अंगात ड जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही. त्यामुळे शेजारच्या मराठी घरातल्या ५ वर्षांच्या पोराचे पाय वाकायला लागले, तेव्हा मी सगळं खापर हवामानावर फोडून मोकळा झालो. (इंजिनियरला मत द्यायला काय लागतं?) पण त्याची थोरली बहीण त्याच घरात ठणठणीत! फरक कातडीचा. त्याला जन्मापासून इक्थिओसिस आहे. जनुकातल्या दोषामुळे अंगभर जाड खवले. ड जीवनसत्त्व बनतं कातडीतच, आणि तीच अशी. शिवाय घाम नीट येत नाही, उन्हात अंग तापतं, म्हणून त्याला कायम सावलीतच ठेवलेला. त्यात आपला सावळा रंग, त्याला ऊन जास्तच लागतं. तुमच्याकडच्या रखरखीत उन्हातही अशा मुलांना मुडदूस झाल्याच्या नोंदी आहेत बरं का.

एवढी वर्षं सगळे, अगदी डॉक्टरसुद्धा, कातडीच बघत होते. रक्त तपासलं ते आत्ता. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम सुरू झालंय.

परवा वहिनी म्हणाल्या, "पाय दुखतात म्हणून रडायचा हो. आम्ही भेगांना मलम लावत बसायचो."