भुलाबाईला मॅट फिनिश

फोटो भाचीच्या अंगठ्याचा होता. फक्त अंगठा, तोही गुलाबी झालेला. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, मी एका मोबाइल लॉन्चची स्टोरी कशीबशी संपवत होते आणि वणीहून आईचा व्हॉट्सॲप आला. फोटोखाली एकच ओळ. 'भुलाबाईचा रंग निघून रायला, काय करू?'

स्टोरी गेली खड्ड्यात.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडी प्रस्तावना. भुलाबाई म्हणजे तुमच्या भोंडल्याची विदर्भातली चुलतबहीण समजा. पण भोंडल्यात पाटावर हत्तीचं चित्र असतं, आमच्याकडे मातीच्या रंगीत मूर्ती असतात. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर आणि मांडीवर गणपती. भाद्रपद पौर्णिमेला बसवायची, महिनाभर रोज संध्याकाळी पोरींनी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायची आणि कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांच्या मखरात बसवून मोठा कार्यक्रम करायचा. शेवटी खिरापत. डबा कानाशी वाजवून आत काय आहे ते ओळखायचं. चिवडा की शंकरपाळे, यावर आमच्या गल्लीत अक्षरशः भांडणं व्हायची.

आमची भुलाबाई वीतभर उंचीची. आईच्या लग्नाच्या वर्षी, १९९१ मध्ये, आजीनं बाजारात कुंभाराकडून घेतलेली. तिला आम्ही कधी शिरवलं नाही. कोजागिरी झाली की वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत, आणि पुढच्या वर्षी पौर्णिमेच्या आधी बाहेर. मग आजी आमच्या शाळेचे पोस्टर कलर मागून घ्यायची आणि तिला नव्यानं रंगवायची. साडी दर वर्षी वेगळी. एका वर्षी जांभळ्या रंगाची बाटली वाळून गेली होती, तर भुलोजीला चक्क चॉकलेटी फेटा मिळाला होता!

शेवटचं रंगकाम २०१९ चं. तोवर आजीच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. भुलाबाईचा उजवा डोळा नीट आला, डावा जरा मोठा आणि जरा खाली उतरलेला. आम्ही हसलो. आजी म्हणाली, "दिसते ना तिले? मंग झालं." २०२१ मध्ये आजी गेली. त्यानंतर भुलाबाईला कुणी ब्रश लावला नाही.

म्हणजे प्रश्न गुलाबी साडीचा नव्हताच. साडी काय, कुणीही रंगवेल. पण वणी हे कोळशाचं गाव. खाणींचे ट्रक दिवसरात्र धावतात, सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. ती काळी धूळ मूर्तीवरही बसते आणि ती पुसताना दर वर्षी थोडा रंग फडक्यावर येतो. आज अंगठ्यावर साडी आली, उद्या तो वाकडा डोळा येणार होता.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या एका मित्राला गाठलं. हा दिवसा आयटी कंपनीत टेस्टिंग करतो आणि रात्री २८ मिलिमीटरचे सैनिक रंगवतो. वॉरगेमिंग नावाच्या टेबलावरच्या युद्धखेळातले सैनिक. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीनं ज्यांचं जगभर वेड लावलंय, ते. त्याच्यावर मी पूर्वी एक फीचर केलं होतं, तेव्हा मनातल्या मनात त्याला 'रिकामटेकडा' म्हटलं होतं. आता त्याच्यासमोर मुकाट्यानं वही उघडून बसले.

"आधी सांग, चमकदार हवं की बिनचमकीचं?" हा पहिला प्रश्न.

मला वाटायचं, वॉर्निश म्हणजे चमक. शेजारच्या काकूंनी त्यांच्या भुलाबाईला ट्रान्सपरंट नेलपॉलिश फासलंय. ती आता प्लॅस्टिकची दिसते आणि कपाळावर पिवळी पडलीये. मित्रानं सांगितलेलं कारण मात्र सॉलिड होतं. मूर्ती छोटी असते, पण ट्यूबलाइट छोटी होत नाही. एवढ्याशा गालावर खऱ्या दिव्याची चमक पडली, की रंगवणाऱ्यानं ब्रशनं काढलेले उजेड-सावली खलास! नजर चमकेवरच अडकते, चेहऱ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून छोट्या मूर्तींना मॅट.

मॅट वॉर्निश मॅट का असतं, तर त्यात सिलिकासारखी अतिबारीक पूड मिसळलेली असते. तिच्यामुळे वरचा थर डोळ्यांना न दिसेल इतपत खडबडीत होतो आणि प्रकाश विखुरतो. ही पूड तळाशी बसते. म्हणून बाटली किंवा कॅन वापरण्याआधी दोन मिनिटं घड्याळ लावून हलवायचा. कंटाळा केलात तर आधी चमकदार वॉर्निश बाहेर येणार आणि नंतर खडूसारखा पांढरट गाळ. दुसरी गोम अशी, की याच पुडीमुळे मॅटचा थर ग्लॉसइतका दणकट नसतो. सतत हाताळल्या जाणाऱ्या सैनिकांना ही मंडळी आधी ग्लॉसचा पातळ हात देतात आणि तो पूर्ण वाळला की वर मॅट. आत चिलखत, बाहेर सुती सदरा, असा तो फंडा.

मग ब्रशनं लावायचं की स्प्रेनं? मला ब्रश सोपा वाटत होता. मित्र म्हणाला, आधी रंग पाण्याला टिकतो का बघ. आईला फोन करून ओला इअरबड मूर्तीच्या बैठकीमागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी हलकेच फिरवायला लावला. क्षणात गुलाबी झाला. ॲक्रिलिक एकदा वाळलं की पाण्यानं सुटत नाही, पोस्टर कलर सुटतो. त्यावर पाण्यातलं वॉर्निश ब्रशनं लावलं असतं तर आजीचे दोन्ही डोळे गालावर ओघळले असते. त्यामुळे पाण्याऐवजी सॉल्व्हंट असलेला स्प्रे, आणि तोही ब्रशचा स्पर्श न होता, लांबून.

मित्राच्या बाल्कनीत दोन पणत्या पोस्टर कलरनं रंगवून मी रिहर्सल केली. अंतर साधारण २५ सेंटिमीटर. फवारा वस्तूवर सुरू करायचा नाही. बाजूच्या हवेत सुरू करायचा, वस्तूवरून न थांबता न्यायचा आणि पलीकडे गेल्यावर बोट सोडायचं. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर. तोंडावर मास्क. दोन्ही पणत्या झक्कास झाल्या. मी लगेच एक ग्लॉस आणि एक मॅट असे दोन कॅन थेट वणीच्या पत्त्यावर मागवले आणि शुक्रवारची रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. भुलाबाईच्या महिन्यात लेकी माहेरी येतात म्हणे. लग्न न करताही माहेरी जाणारी मी गल्लीतली पहिलीच असेन.

आणि तिथं मी माती खाल्ली.

शनिवारी दुपारी मोठी सर येऊन गेली होती. ऊन पडल्यासारखं वाटत होतं, पण गच्चीवरचे कपडे सकाळपासून वाळले नव्हते. मास कॉममध्ये आम्हाला ऑब्झर्व्हेशनचा अख्खा पेपर होता हो! पण माझ्या डोक्यात रविवारची परतीची गाडी. ग्लॉसचा थर छान बसला. तासाभरानं मॅट फवारलं. दोन मिनिटं ठीक होतं, मग भुलाबाईच्या चेहऱ्यावर धुकं उतरायला लागलं. गाल गेले, कुंकू गेलं, डोळे पांढऱ्या पडद्यामागे गेले.

आई वर आली. बघून म्हणाली, "काहून वं, पावडर लावली काय तिले?"

मला रडूच फुटलं. मित्राला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "फ्रॉस्टिंग झालंय. घासू नकोस. काहीच करू नकोस." सॉल्व्हंट झपाट्यानं उडतं तेव्हा पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्या ओल्या थरात शिरते आणि थर पांढरा पडतो. म्हणून पावसाळी हवेत स्प्रे मारू नये. आणि उलटही खरं. आमच्याकडच्या मे महिन्यात, ४५ डिग्रीत, तुषार वाटेतच वाळून पुडीसारखे बसतील. म्हणजे वणीत यासाठी चांगले दिवस हिवाळ्यातलेच, हे मला पावसाळ्यात कळलं.

रविवारची गाडी सोडली. संपादकांना 'घरी मेडिकल इमर्जन्सी' असा मेसेज टाकला. खोटं बोलले, पण पेशंट होताच ना? पुढचे तीन दिवस भुलाबाई आतल्या खोलीत टेबलफॅनपासून लांब, टोपलीखाली झाकून. भाची दर तासाला टोपली उचलून बघायची आणि मला रिपोर्ट द्यायची, "आत्या, अजून पांढरीच हाये."

बुधवारी कडक ऊन पडलं. गच्चीवरचे कपडे दोन तासांत खडखडीत वाळले, तेव्हाच मी कॅनला हात लावला. सुदैवानं शनिवारी मूर्तीसोबत एक रंगवलेली पणतीही फवारली होती आणि तीही तशीच पांढरी झाली होती. आधी तिच्यावर ग्लॉसचा अगदी पातळ थर दिला. बऱ्याचदा या उपायानं धुकं विरतं, नेहमीच विरतं असं नाही. पणतीवरचं विरलं. मग भुलाबाई. आई जिन्यात उभी होती, पदर तोंडाशी धरून. वासामुळे की कशामुळे, विचारलं नाही. हळूहळू कुंकू दिसायला लागलं, मग उजवा डोळा, मग आजीनं खाली उतरवलेला डावा. डाव्या कानामागे थोडं धुकं राहिलं, ते अजूनही आहे. ग्लॉस पूर्ण वाळू दिलं आणि दुसऱ्या दिवशी तसंच कोरडं ऊन बघून मॅटचे दोन हात. चमक गेली. माती पुन्हा मातीसारखी दिसायला लागली.

मला वाटलं, संपलं. पण संध्याकाळी भाकरी थापताना आई म्हणाली, "पक्की करून टाकली तू तिले. आता पुढल्या वर्षी रंगवाचं कसं?"

याचा मी विचारच केला नव्हता. अठ्ठावीस वर्षं ती मूर्ती टिकली, ती रंग पक्का होता म्हणून नव्हे. दर वर्षी कुणीतरी ब्रश घेऊन तिच्यासमोर बसत होतं. आणि मी पुण्याहून येऊन २०१९ वर झाकण लावून मोकळी झाले होते. माझ्यासाठी त्या मूर्तीत शेवटची आजी होती, आईसाठी दर वर्षीचं काम. सासू गेल्यावर ते काम तिच्याकडे यायला हवं होतं. पण डोळे बिघडतील या भीतीनं तिनं सहा वर्षं ब्रश उचलला नव्हता, हे ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलली.

पुन्हा मित्राला फोन. (तो आता आमच्या घरचा फॅमिली डॉक्टर झालाय.) म्हणाला, अरे, उलट सोपं झालं! ग्लॉसवर रंग घसरतो, पण मॅट खडबडीत असतं, त्यावर ॲक्रिलिक छान धरतं. खालचा थर आता बंद आहे, त्यामुळे चुकलं तर रंग ओला असताना ओल्या कापडानं पुसून टाकायचा, खालच्याला धक्का नाही.

आईनं हे सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि चष्मा लावला. "डोळे राहू दे. बाकीचं मी पाहतो." (आमच्याकडे बायकाही 'पाहतो'च म्हणतात.) गुलाबी साडीला तिनं पिवळे काठ काढले. पहिला वाकडा गेला, पुसला. दुसराही वाकडाच गेला, तो तसाच ठेवला. भाचीनं गणपतीच्या पोटावर बोटानं एक टिकली दिली, तीही ठेवली. वाळल्यावर नव्या रंगापुरता मॅटचा एक हलका हात.

शेवटी मित्राची एक ट्रिक. मॅट झाल्यावर ही मंडळी सैनिकांच्या डोळ्यांत ग्लॉसचा टिपका देतात, डोळे ओले दिसतात म्हणून. मी ग्लॉस थोडं झाकणात फवारून टूथपिकवर घेतलं आणि आईकडे बघितलं. तिनं मान हलवली, नाही. मग तिनंच टूथपिक घेतली आणि भुलाबाईच्या नथीवर टेकवली.

पुढच्या वर्षी साडी हिरवी करायची म्हणते. हिरव्या रंगाच्या दोन बाटल्या आत्तापासून मागवून ठेवल्यात.