छत्तीसशेचा वेग

सन २०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या दिल्लीच्या बिऱ्हाडातील संगणकास फेफरे येऊ लागले. आपण लिहीत बसावे, तोच पडदा एकाएकी निळा व्हावा, त्यावर कसल्याशा दोषाचे इंग्रजी नाव उमटावे आणि यंत्राने पुनश्च श्रीगणेशा करावा. नाव दर खेपेस निराळे. एकदा मेमरीचे, एकदा कुठल्याशा ड्रायव्हरचे, एकदा तर आम्ही कधी ऐकलेही नव्हते अशा फाइलीचे. सरकारी नोकरीत बत्तीस वर्षे काढल्यावर, जो इसम दर वेळी निराळे कारण सांगतो त्याची खरी अडचण भलतीच असते, हे आम्हांस उमगावयास हवे होते. परंतु आम्ही उकाड्यास दोष दिला, विजेच्या दाबास दिला. आणि सौभाग्यवतींनी तो आमच्या हाताळणीस दिला.

हा संगणक चिरंजीवांनी २०२२ साली स्वतः सुटे भाग आणून जुळवला होता. पुढे त्यांस हैदराबादेस नोकरी लागली. २०२४ च्या दिवाळीस आले ते पाडव्याची भेट म्हणून मेमरीच्या आणखी दोन पट्ट्या घेऊन. आधीच्या दोहोंशेजारी त्या बसवून म्हणाले, "बाबा, आता बत्तीस जीबी, आणि तीही छत्तीसशेवर!" त्या आकड्याचा अर्थ आम्हांस कळला नव्हता. तरी शेजारच्या बिऱ्हाडात आम्ही तो दोनदा सांगितल्याचे स्मरते.

एवढ्यावर भागते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. १९९४ साली, पहिल्या बदलीवर निघण्याआधी, आम्ही गावी जाऊन मातोश्रींच्या जात्यावरच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतल्या होत्या. नऊ कॅसेटी, अठरा बाजू. गुवाहाटी, भोपाळ, दिल्ली अशा बिऱ्हाडांतून ही पेटी हिंडली. ज्यांच्या वाट्याला बदल्या आल्या आहेत, त्यांच्याकडे अशी एक तरी पेटी असतेच. २०२५ च्या आरंभी आम्ही सर्व बाजू संगणकावर घेतल्या, जागा वाचावी म्हणून प्रत्येकीचा झिप गठ्ठा बांधला, मूळ फाइली पुसल्या, आणि 'आता नकला झाल्या' अशा निर्धास्तपणाने कॅसेटी रेकॉर्डरसह रद्दीवाल्यास दिल्या. नक्कल मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याखेरीज मूळ प्रत नष्ट करू नये, हे कचेरीत दुसऱ्यांस बजावण्यात आमची हयात गेली आहे.

जून महिन्यात गठ्ठे उघडू गेलो, तो अठरांपैकी पाच उघडेनात. प्रत्येक गठ्ठ्यात आतील मजकुराचा एक पडताळणीचा अंक नोंदलेला असतो. तो जुळत नव्हता. ती रात्र आम्हांस झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले, तेव्हा त्या पाचांतील चार सुरळीत उघडले आणि आदल्या दिवशीचे तीन चांगले गठ्ठे बिघडलेले निघाले!

कचेरीच्या संगणक विभागातील एका तरुण सहकाऱ्यास हे सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, "साहब, रॅम किस स्पीड पर चल रही है?" आम्ही मोठ्या ऐटीत आकडा सांगितला. त्यावर त्याने मान हलवली ती अजून डोळ्यांसमोर आहे.

गोष्ट अशी की, मेमरीतील प्रत्येक कण म्हणजे विद्युद्भार धरून ठेवणारे एक इवलेसे पात्र. ते गळके असते. म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत सगळी पात्रे एकदा पुन्हा भरावी लागतात. छत्तीसशे म्हणजे पट्टीच्या प्रत्येक तारेवरून सेकंदास ३६० कोटी वेळा देवघेव. डीडीआर ४ जातीच्या मेमरीसाठी जेडेक या संस्थेने घालून दिलेली श्रेणी ३२०० पाशी संपते. त्यापुढचा वेग पट्टी बनवणारा आपल्या हिमतीवर पट्टीत नोंदून ठेवतो. त्यास एक्सएमपी म्हणतात. तो निवडला की १.२ ऐवजी बहुधा १.३५ व्होल्टांचा दाब दिला जातो. दोन पट्ट्यांस हे झेपत होते. चार झाल्यावर तारांवरील भार वाढला, संकेत पुसट झाले, आणि क्वचित एखाद्या शून्याचा एक होऊ लागला. तो कोठे पडेल त्याचा नेम नाही. मर्मावर पडला तर निळा पडदा. एरवी कोणास पत्ताही लागत नाही. या दुसऱ्या प्रकाराची आम्हांस आजही अधिक धास्ती वाटते.

त्या तरुणाने पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट घालून दिला. रात्री लावून ठेवायचा, सकाळी चुकांचा आकडा वाचायचा. चारही पट्ट्या छत्तीसशेवर चालवल्या, तेव्हा चुका शेकड्यांनी निघाल्या. मग एकेक पट्टी एकटी तपासली, चारही निर्दोष! चार रात्री यात गेल्या. शेवटी एक्सएमपी बंद करून चौघींना एकत्र २१३३ वर चालवले, आणि सकाळी पाहतो तो चूक शून्य. पट्टी कोणतीच वाईट नव्हती. पुढे पायरीपायरीने चढत गेलो. मध्ये एकदा यंत्राने उठण्याचेच नाकारले, तेव्हा मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी काढून ते मूळपदावर आणावे लागले. अखेर २९३३ वर थांबलो. निळा पडदा त्यानंतर दिसला नाही.

मग गठ्ठे पुन्हा पाहिले. सतरा उघडले; त्यांच्या वाचण्यातच चूक होत होती, लिहिलेले शाबूत होते. अठरावा मात्र बांधतानाच बिघडला होता. तीस मिनिटांपैकी पहिली अठरा तेवढी हाती लागली.

चिरंजीवांस फोनवर यातले काही सांगितले नाही. विचारीत, "बाबा, मशीन कसं आहे?" आम्ही म्हणत असू, "उत्तम." २०२५ च्या दिवाळीस ते आले आणि पहिल्याच संध्याकाळी आकडा त्यांच्या नजरेस पडला. "कमी केलात?" त्यांनी विचारले. आम्ही हो म्हटले, आणि कारण म्हणून तो अठरावा गठ्ठा लावला. आजीला त्यांनी पाहिलेले नाही. अठराव्या मिनिटास ओवी मध्येच तुटली, तेव्हा त्यांनी हात पुढे केला, आणि पुन्हा पहिल्यापासून लावले.