डोक्यावरचे पिंप

मराठी घरात माणसाची पहिली आंघोळ दुसऱ्याच्या पायांवर होते. पाय पसरून बसलेली आजी बाळाला पालथे घेते आणि बेताबेताने पाणी सोडते. पुढे मूल पाटावर बसू लागते, तांब्या स्वतःच्या हातात येतो आणि आंघोळ कायमची आपली झाली असे वाटते. पण बादली जमिनीवर आणि डोके वर. प्रत्येक तांब्यागणिक वाकायचे, लिटरभर पाणी खांद्याच्या वर न्यायचे. 20 लिटरच्या बादलीत हे वीसदा. गुडघे, कंबर, खांदा यांतले एक जरी कुरकुरू लागले की आंघोळ पुन्हा दुसऱ्याच्या हाती जाते, आणि म्हाताऱ्या माणसाला दुखण्यापेक्षा तेच जास्त लागते. म्हणून घरच्या घरी केलेल्या साध्या शॉवरला चैन म्हणायला माझे मन तयार होत नाही.

शॉवरने पाणी वाया जाते, हे गच्चीवरच्या टाकीला जोडलेल्या शॉवरबाबत खरे आहे. तिथे मिनिटाला आठ-दहा लिटर सहज जातात आणि गेलेले दिसतही नाहीत. न्हाणीघराच्या भिंतीला पक्क्या लोखंडी ब्रॅकेटवर 20 लिटरचे पिंप बसवले, तर बादलीचे माप तसेच राहते. 10 मीटर उंच पाण्याचा दाब जवळपास एका वातावरणाएवढा असतो. इथे पाणी शॉवरच्या तोंडापेक्षा जेमतेम हातभर वर, त्यामुळे बारीक भोकांचा बाजारी शॉवर नुसता ठिबकतो. बागेतल्या झारीचे तोंड उत्तम चालते. नळी तळापासून दोन बोटे वर काढावी, म्हणजे गाळ तोंडात अडकत नाही. झाकणाला भोक हवेच, नाहीतर आत हवा शिरत नाही आणि धार मंदावते.

याहून वजनदार आक्षेप असा, की ज्याला वाकवत नाही तो 20 किलो पाणी वर चढवणार कसा? तो चढवणार नाहीच. पण भरणे आणि न्हाणे ही दोन कामे वेगळी आहेत. भरायला घरातले कोणीही, दार उघडे ठेवून, तांब्या-तांब्याने मदत करू शकते. विसणही तेव्हाच घालून, पाणी हाताने चाचपून घ्यायचे, म्हणजे मागाहून चटका बसण्याची भीती नाही. त्यानंतर दार लावून आत एकट्याने बसता येते. फक्त नळीची चावी वर पिंपापाशी असते, म्हणून तिच्या आडव्या दांड्याच्या दोन टोकांना दोन दोऱ्या बांधाव्यात, स्टुलावर बसल्या हाताला लागतील अशा: एक उघडायला, एक बंद करायला.