पावतीपुस्तक आणि आजींचा प्रश्न

गेल्या गणेशोत्सवात पावतीपुस्तक घेऊन मी सोसायटीचे जिने चढले. रोषणाईच्या खर्चाला कात्री लावून, थोडी जादा वर्गणी काढून एका धर्मादाय रुग्णालयाला द्यायची, असे मंडळाने ठरवले होते. तिथे दान केलेली मूत्रपिंडे टिकवून ठेवणारे यंत्र घ्यायचे होते. मंडळाला गळ घातली होती मीच. माझा दादा तीन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो.

रुग्णवाहिकेसाठी लोक चटकन खिशात हात घालतात. ती डोळ्यांना दिसते. इथे पहिल्याच दारात विचारणा झाली, "त्याला यंत्र कशाला? किडनी बर्फात ठेवतात ना?"

मग मी समजावू लागले. बर्फाच्या पेटीत, विशिष्ट द्रावणात हृदय जेमतेम चार तास टिकते, मूत्रपिंड साधारण एक दिवस. पण जितका उशीर, तितका अवयव नव्या शरीरात काम सुरू करताना अडखळतो. यंत्रात थंड द्रावण पंपाने मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीतून सतत खेळवले जाते. नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीत 336 मृत दात्यांचे एक मूत्रपिंड यंत्रावर आणि दुसरे बर्फात ठेवून पाहण्यात आले. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रोपणानंतर वर्षभराने यंत्रावरची शंभरातली 94 मूत्रपिंडे काम करीत होती, बर्फातली 90.

"चारच जास्त?" एक काका म्हणाले.

"त्या चारांत आपलं माणूस असलं तर, काका?"

त्यांनी मुकाट्याने पावती फाडायला सांगितली.

एक गोष्ट मात्र मी कोणत्याच दारात सांगितली नाही. त्याच्या आदल्या वर्षी एका रात्री फोन वाजला होता. दादासाठी मूत्रपिंड मिळत होते. आम्ही धावत रुग्णालयात गेलो. वहिनीने देवासमोर दिवा लावून ठेवला होता. पहाटे डॉक्टर बाहेर आले. दाता वयस्कर होता, त्यात प्रवासात आणि तपासण्यांत फार वेळ गेला. धोका पत्करता येणार नाही, म्हणाले. दोष कुणाचाच नव्हता. आम्ही रिक्षाने घरी परतलो. वाटेत दादा एवढेच म्हणाला, "ज्यांनी दिलं, त्यांना कुणी सांगू नये गं."

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी माझे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तुझ्या दादाला किडनी मिळायची म्हणजे कुणाचा तरी मुलगा जायलाच हवा ना, बाळ?"

माझ्या हातातले पेन थांबले. फोन वाजावा म्हणून मी रोज रात्री देवाला विनवीत होते. त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला कुणाचे घर उजाड होत असेल, हा विचार मी मनात येऊच दिला नव्हता. 1994 च्या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली, डॉक्टरांचे मंडळ तपासणी करून तो जाहीर करते, नातेवाइकांच्या संमतीशिवाय काही होत नाही, हे सगळे मला पाठ होते. त्यातले काहीच मी बोलले नाही. "नमस्कार करते, आजी," म्हणून जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला हाक मारली. पदराच्या गाठीतून पाचशे एक रुपये काढून म्हणाल्या, "आमच्या ह्यांचे डोळे दिले होते. कुणाला बसले, कळलं नाही. वाया गेले नसतील ना गं?"

"माहीत नाही, आजी. पण दिलेलं वाया जाऊ नये, म्हणूनच हे यंत्र."

"मग पावतीवर ह्यांचं नाव लिही."

जमलेली रक्कम यंत्राच्या किमतीपुढे खारीचा वाटाच होती. रुग्णालयाचा निधी अजून पुरा व्हायचा आहे. दादाच्या फेऱ्याही चालू आहेत. फोन मी आजही उशाशी ठेवते. तो वाजावा, अशी प्रार्थना मात्र आता करीत नाही. वाजलाच, तर कुणाचे देणे उशिरामुळे वाया जाऊ नये, एवढेच मागते.