कल्पित सृष्टीला अनावृत पत्र

रिसाली, भिलाई

प्रिय कल्पित सृष्टी,

वर्षानुवर्षं तू वह्यांत, चित्रांच्या पाठकोऱ्या कागदांवर आणि फोनमधल्या टिपणांत वाढत राहिलीस. तुझ्यात राजघराणी आहेत, बोली आहेत, देवदेवता आहेत. पण एका नगरातून दुसऱ्या नगरात पोचायला किती दिवस लागतात, हे तुझ्या निर्मात्यालाही धड सांगता येत नाही. आता तुझ्या कथा लिहायच्या आहेत, चित्रं काढायची आहेत. म्हणून हे पत्र तुला, आणि तुझ्यासारख्या घराघरांत ट्रंकेच्या तळाशी पडून राहिलेल्या सगळ्या सृष्टींना. तुझी नीट मांडणी व्हावी, असं मला मनापासून वाटतं. मात्र ती कथेसाठी व्हावी, आणि कथेने ती बदलू पाहिली तर तिला बदलू द्यावं.

मी राहते ते शहर आधी कागदावर उतरलं आणि मग जमिनीवर. १९५५च्या फेब्रुवारीत भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. पोलादाचा कारखाना इथेच का, याचं उत्तर नकाशाच देतो: लोहखनिज दल्ली-राजहराचं, चुनखडी नंदिनीची, पाणी तांदुळा धरणाचं, आणि मालाची ने-आण करायला मुंबई-हावडा लोहमार्ग. तुझ्या प्रत्येक राजधानीला हेच प्रश्न विचारले पाहिजेत. पाणी कुठून येतं? धान्य कोण पिकवतं? धातू कुठला, आणि तो वाहून कोण आणतं? उत्तरं मिळू लागली की रस्ते कुठून जातील, जकातनाके कुठे बसतील आणि लढाया कशावरून पेटतील, हे दिसू लागतं. आणखी एक. भिलाईचे सेक्टर उभे राहिले ते गावांच्या जमिनीवर. तुझ्या संगमरवरी नगराखालीही आधी कुणाची शेतं होती, ते लिहून ठेवलं पाहिजे. कथा बहुतेक तिथेच दबा धरून बसलेली असते.

नकाशा काढताना आधी उंच जमीन, मग पाणी, मग माणसं. नद्या उतारावर एकमेकींना मिळत जातात, जशी आमची शिवनाथ महानदीला मिळते; फाटे फुटतात ते सहसा मुखाशी. अंतरं मैलांत लिहिण्यापेक्षा चालण्याच्या, बैलगाडीच्या, होडीच्या दिवसांत लिहावीत, कारण पात्रांना तेवढंच कळतं. कालपट मात्र एकच असावा. कादंबरीकार टोल्किन यांनी आधी नकाशा हाती घेतला आणि कथा त्याला जुळवली. वेगवेगळ्या वाटांनी गेलेल्या पात्रांच्या आकाशात चंद्राच्या कला जुळाव्यात, म्हणून त्यांनी घटनाक्रमही दुरुस्त केला. लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी अर्थसी या आपल्या कल्पित जगाची बेटं आधी कागदावर काढली आणि मग त्यांच्यामधून प्रवास सुरू केला.

हे कौशल्य आपल्याला परकं नाही. पुराणांच्या भुवनकोशात सात द्वीपं आहेत. प्रत्येकाभोवती वेगळा समुद्र: खारा, उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा, गोड्या पाण्याचा. प्रत्येक द्वीप आधीच्या द्वीपाच्या दुप्पट. एवढ्या एका नियमावर अख्खं विश्व स्मरणात राहतं. महानुभावांची ‘स्थानपोथी’ तर चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, वावरले, त्या स्थळांची नोंद करते. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, कुठून कोणत्या बाजूला काय आहे, हे सांगते. ती खऱ्या गावांची पोथी आहे, पण तिची रीत तुझ्या उपयोगाची आहे. दर स्थळाला एक पान द्यावं: तिथून काय दिसतं, तिथे काय घडलं, ते कुणाला ठाऊक आहे. ज्या स्थळाच्या पानावर काहीच घडलेलं नाही, त्याला तूर्त नकाशावर नुसता ठिपका पुरे.

चित्रांसाठी एक मूळ नकाशा कायम ठेवावा आणि त्यावर ट्रेसिंग पेपर टाकून राज्यांच्या सीमा, व्यापाराच्या वाटा, बोलींचे पट्टे वेगवेगळे काढावेत. प्रत्येक कागदावर तारीख हवी. टिपणांचे तीन गठ्ठे करावेत: पक्कं, कच्चं आणि सोडून दिलेलं. तिसरा गठ्ठा फेकू नये, दुसऱ्या कथेत तो कामी येतो.

यापुढचं मात्र मांडणीने साधत नाही. दुर्गच्या पुढे राजनांदगावला दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध १९५८पासून शिकवत होते. घरची भाषा मराठी, कविता हिंदीत. तिथल्या तळ्याकाठच्या जुन्या वास्तूत त्यांनी ‘अंधेरे में’सारख्या दीर्घ कवितेवर काम केलं. कल्पितावर त्यांच्याइतका खोल विचार फार थोड्यांनी केला आहे. ‘तीसरा क्षण’ या लेखात ते निर्मितीचे तीन क्षण सांगतात. पहिला उत्कट अनुभवाचा. दुसऱ्यात तो अनुभव आपल्या वेदनेपासून सुटून फँटसी होऊन डोळ्यांसमोर उभा राहतो. तिसरा तिला शब्दांत आणण्याचा, आणि त्या प्रक्रियेत ती फँटसीच बदलत जाते.

तू दुसऱ्या क्षणात अडकली आहेस, असं मला वाटतं. नदीचं आणखी एक वळण, वंशावळीतली आणखी एक पिढी, आणि मग कथा, असं म्हणत वर्षं जातात. मुक्तिबोध १९६४मध्ये गेले. स्वतःचा एकही कवितासंग्रह त्यांना छापलेला पाहता आला नाही. टोल्किन यांची ‘सिल्मरिलियन’ त्यांच्या मुलाने कागद जुळवून १९७७मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्येकाच्या मागे असा मुलगा नसतो.

भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई पंडवानी गात, तेव्हा हातातला तंबुरा कधी भीमाची गदा होई, कधी अर्जुनाचं धनुष्य. अख्खं महाभारत एका वाद्यात मावे, कारण समोर ऐकणारे असत. तुलाही तेच हवं आहे. म्हणून एक नदी, एक नगर आणि एक कालपट एवढं पक्कं झालं की पहिली कथा सुरू व्हावी. तिच्यातल्या पात्राने पूल नसलेल्या जागी नदी ओलांडली, तर नकाशात पूल काढावा, किंवा त्या पात्राला पोहायला शिकवावं. दोन्हीपैकी काहीही केलं, तरी त्या दिवशी तू खरी वाढलेली असशील.

तुझी,
रिसालीतली एक चित्रकार