फोटोत न दिसणारी आकृती

दहावीच्या भूमितीत वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची असते. कंपासचं टोक कुठे सरकलं, हे बाकाशेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. 2020-21 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद असताना मुलं व्हॉट्सॲपवर वहीचा फोटो पाठवायची. आकृती पूर्ण असायची, पण हात कुठे अडला ते त्यात दिसायचं नाही.

आणि आमच्या शिक्रापुरात मोबाइल तरी घरी कुठे असायचा! मराठवाड्या-विदर्भातून आलेली कितीतरी कुटुंबं सणसवाडी, रांजणगावच्या कंपन्यांवर पोट भरतात. वडील पहिल्या पाळीला गेले की फोनही त्यांच्याबरोबर जायचा. तास सकाळी, फोन संध्याकाळी. थोरलीचं होऊन धाकट्याचा नंबर लागेपर्यंत नेटपॅक संपलेला.

2021 मध्ये परीक्षा रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर दहावीचा निकाल 99.95 टक्के लागला. त्या आकड्याचा मला आनंद झाला नाही. ही पोरं अकरावीत कशी टिकतील, याचीच काळजी वाटत राहिली.

रेकॉर्ड केलेला धडा थांबवून, मागे नेऊन पाहता येतो, हे मात्र खरं. वर्गात कधी हात वर न करणाऱ्या मुलींना त्याचा फार उपयोग झाला. उजळणीला ऑनलाइन जरूर वापरावं. पण नववी-दहावीचा नवा धडा शिकवायला शिक्षक समोरच हवा.